ठाणमाई नापास!

करते काय हो ती? नुसती उभी राहते! तलवार नाही, बाण नाही, कुणाच्या अंगावर धावून जाणं नाही... आणि याला म्हणायचं लढाईच्या खेळातलं नवीन पात्र! हे माझ्या साडूचे शब्द हं, माझे नव्हेत. मी आपलं ऐकलेलं सांगतोय, आणि शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, कारण मी त्या खोलीत स्वतः हजर होतो. म्हणजे खोलीत नव्हतो, दारात होतो. दारात तरी कसला, फोनवर होतो. पण खरं आहे!

तर हा साडू. पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस. छताला एका रांगेत चाळीस पंखे टांगलेले, सगळे गरगरताहेत, आणि खाली हा मान वर करून, पाठीमागे हात बांधून. पंखा डुगडुगला की उतरवायचा आणि कागदावर रबरी शिक्का, 'नापास'. कान असा तयार, की एकदा पंख्याच्या घरघरीवरून याने सांगितलं, हा स्क्रू ज्याने पिळलाय त्याला सर्दी झालेली आहे. जाऊन बघतात तर तो शिंकतोय! आता असल्या माणसाला सवय काय लागणार? दिसेल त्याला पास-नापास करण्याची. शेजाऱ्याची नवी गाडी, नापास. मेहुणीने हौसेने लावलेले पडदे, नापास. घरात त्याचं कुणी ऐकत नाही, कारखान्यात चाळीस पंख्यांच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही, अख्ख्या जगात त्याचा शब्द चालायची एकच जागा उरली होती, ती म्हणजे हा कॉम्प्युटरवरचा खेळ. तिथे तो कप्तान! दोन वर्षं! हसू नका, माणसाला कुठेतरी कप्तान असावं लागतं.

खेळ सोपा आहे. इकडे पाच, तिकडे पाच, मैदानाच्या मधोमध एक चौथरा. पंधरा मिनिटं संपतात तेव्हा चौथऱ्यावर ज्यांचं माणूस उभं, त्यांचा डाव. याच्या संघात हा, माझी मेहुणी, खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य, त्यांची बायको आणि पाचव्या आमच्या सासूबाई. हो, सासूबाई! वय सदुसष्ट. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावला की त्यांना अजून वाटतं, ड्यूटी सुरू झाली. तरुणपणी त्यांनी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावांना चुकून एकमेकांशी जोडलं आणि लाइन तोडलीच नाही. चौदा मिनिटांत समेट! अशी बाई.

आता गंमत अशी, की हा संघ दोन वर्षं 'रौप्य' पायरीवर अडकून पडलेला, आणि रविवारी दुपारी चारचा एक डाव जिंकला की 'सुवर्ण', हरला की धाडकन 'कांस्य'. आणि नेमकं शुक्रवारी खेळाच्या कंपनीने हे नवीन पात्र आणलं. ठाणमाई! अंगावर शाल, हातात छत्री, चेहरा असा की रांगेत तुमच्या आधी आल्यात आणि जागा सोडणार नाहीत.

झालं! साडू कामाला लागला. कारखान्यातला तक्ता काढला, रकाने आखले आणि तपासणी सुरू. "वेग... शून्याच्या खाली. गोगलगाय हिच्यासाठी थांबून मागे बघेल. पहिली क्षमता, छत्री. उघडते, मागच्यांना बाण लागत नाही. बरं मग? छत्री माझीही उघडते. दुसरी, हाक. लांब गेलेल्या सोबत्याला खेचून आपल्याजवळ आणते. कशाला? तो आपल्या मर्जीने गेलाय ना? तिसरी, पाय रोवणे. दहा सेकंद हिला कुणी हलवू शकत नाही. अहो, आमच्या कचेरीतल्या बडे बाबूंना तीस वर्षं कुणी हलवू शकलेलं नाही, त्यांना कुणी खेळात घेतलं का?"

आणि मग आला तो चौथा रकाना. त्याच्यासाठी पडद्यावर कंपनीचं स्वच्छ छापलेलं, 'निष्क्रिय क्षमता'. साडू खुर्चीतून उठलाच! "बघा! बघा! कंपनी स्वतःच लिहून देतेय! निष्क्रिय! आम्ही पंखा बंद पडला तर निदान लपवतो तरी!" त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. वाचतोय कोण? ज्या पंख्यावर 'बंद' लिहिलंय त्याचं बटण कुणी दाबून बघतं का? खिशातून शिक्का काढला, कारखान्याबाहेर न्यायला सक्त मनाई असलेला शिक्का, आणि तक्त्यावर हाणला, 'नापास'. फोटो काढून संघाच्या ग्रुपवर. खाली लिहिलं, 'करते काय? नुसती उभी राहते. कुणीही घेऊ नये. हुकमावरून, कप्तान.'

दोन मिनिटांत सासूबाईंचा फोन. "जावईबापू, मला आवडली हो ती. मी तीच घेते."

"आई, ती निष्क्रिय आहे!"

"मीही निवृत्त आहे."

"आई, रविवारचा डाव म्हणजे पोरखेळ नाही. या बाईच्या जिवावर आपण जिंकलो ना, तर कप्तानपद सोडीन मी!"

मागून मेहुणीचा आवाज, "अहो, तेवढं कागदावर द्या. शिक्का मारून."

दिला! रागाच्या भरात दिला हो मारून! आता तुम्हीच सांगा, दोन वर्षांची कमाई अशी पणाला लावतं का कुणी? पण लावली.

रविवारी चार वाजता डाव सुरू. साडूकडे कुऱ्हाडवाला. हा गडी चौथऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, दोन वर्षांत कधी बघितलं नाही, सरळ शत्रूच्या घोळक्यात घुसतो. घुसला! भोवती पाच जण, कुऱ्हाड वर उचललेली, आता घाव बसणार, बसणार... तेवढ्यात हेडफोनमध्ये, "जावईबापू, इकडे या." आणि सुर्रकन! बखोट धरून ओढावं तसा सगळं मैदान उलटं पार करत सासूबाईंच्या पायाशी. कुऱ्हाड अजून वरच! समोरच्यांनी हात हलवून टाटा केला हो त्याला!

"आई, मला ओढलंत का?"

"रक्त संपत आलं होतं तुमचं."

"मग मरू द्यायचं होतं!"

"मुलगी दिलीय तुम्हाला. मरू कसं देऊ?"

परत धावला, परत "इकडे या", परत सुर्रकन. दंतवैद्य शेजारून शांतपणे बाण सोडताहेत, आणि दर बाणाला सवयीने म्हणताहेत, "जरा दुखेल हं." त्यांची बायको छत्रीआड, मेहुणी छत्रीआड, सासूबाई चौथऱ्याच्या मधोमध. करताहेत काय? नुसत्या उभ्या! आणि तिसऱ्यांदा ओढून आणल्यावर बघतो तर काय, माझी... म्हणजे त्याची ती रक्ताची लाल पट्टी आपोआप भरायला लागलेली!

"हे कोण करतंय?" साडू ओरडला.

"आईच," मेहुणी म्हणाली. "अहो, खाली दोन ओळी होत्या ना! ही उभी असली की जवळच्यांच्या जखमा भरतात. निष्क्रिय म्हणजे तिला वेगळं काही करावं लागत नाही. ते आपलं चालूच असतं."

आता शहाण्या माणसाने इथे काय करावं? गपचूप छत्रीखाली बसावं. पण याने ओळखलं, की एकदा हाक मारली की ठाणमाईला वीस सेकंद दम खावा लागतो. आणि ते वीस सेकंद साधून पळाला ना हा! पळताना ओरडतोय, "कप्तान कुणाच्या पदराआड लपत नाही!" अकराव्या सेकंदाला मेला. शेवटचं एक मिनिट पडदा राखाडी, कप्तान आडवा, आणि तिकडे पाच जण छत्रीवर तुटून पडलेत, आणि सासूबाईंनी पाय रोवलेत, आणि मेहुणी ओरडतेय, "आई, हलू नको!" आणि सासूबाई म्हणताहेत, "लाइनवर राहा, लाइनवर राहा, कुणी ठेवू नका..." आणि टण्! वेळ संपली. चौथरा आपला. सुवर्ण!

दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं, आणि कप्तान तिथे आडवा.

खालच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू येत होत्या. साडूने हेडफोन सारखा केला. मग हळूच म्हणाला, "योगायोग. बाईने केलं काय? नुसती उभी राहिली."

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? तुम्ही कारखान्यात काय करता?"

"तपासणी."

"म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे... पंखे फिरत असतात... आणि मी खाली..."

"हं?"

"...उभा असतो."

"पाठीमागे हात बांधून?"

"...हो."

मग सासूबाई ट्रंक कॉल तोडणाऱ्या ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, "धन्यवाद. तीन मिनिटं झाली."

सोमवारी साडूने तो तक्ता काढला, 'नापास'मधला 'ना' खोडला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माजी कप्तान'. सासूबाईंनी नुसता छत्रीचा फोटो पाठवला.

आता सुरुवातीला शपथ घेतली होती, तेव्हा हिशेब चोख असावा. यात एक गोष्ट मी बनवलेली आहे. कारखाना खरा. शिक्का खरा, अजून खिशातच आहे. दंतवैद्य खरे, बडे बाबू तर अजून तिथेच आहेत. सर्दीवाल्याचं थोडं वाढवलं असेल, त्याला नुसता खोकला होता. सासूबाई खऱ्या, सव्वा खऱ्या. फक्त एवढंच, की माझ्या बायकोला बहीण नाही. एकुलती एक आहे हो ती.

चला, चार वाजत आले, नव्या कप्तानांची, म्हणजे सासूबाईंची, हाक येईल. आता मी आपणहून नाही गेलो, तरी ओढला जाणारच आहे.