सांगाव्यावरची आत्या

हॅलो?… हां, गोकुळ! बोल रे भाऊ… बरं झालं तूच फोन केलास. आत्ता कुंचीच घेऊन बसले होते. गोंडे लावायचे राहिलेत फक्त… पिवळी रे, काठ हिरवा… अगोदर माझं ऐक ना. हर्सूलच्या तुझ्या सासरवाडीतल्या बायांना सांगून ठेव, बारशाला आत्याच्या पाठीत बुक्क्या जरा हळू घाला म्हणावं. पाठ लई दुखायलीय माझी. लेकराच्या कानात नाव सांगू का कण्हत बसू?… हसतोस काय? हसत नाय? मग?

काय?… कुठं आले नाय मी?

काल?… काल काय होतं?

मस्करी करू नको गोकुळ… बारसं झालं? माझ्याबिगर?

थांब, थांब. बसू दे मला… हां, बोल… नाय, कुणीच नाय सांगितलं… ग्रुपवर? कुठल्या ग्रुपवर? दवाखान्यात तूच म्हणला होतास, 'अक्का, तारीख सांगावा ॲपवर टाकतो.' मी रोज उठल्या उठल्या सांगावाच उघडून बघते… बंद होतोय? कवा?… आज संध्याकाळी?

अरे व्हय, लाल पट्टी येती ना वर. 'ही सेवा बंद होत आहे, नवीन ॲपवर जाण्यासाठी इथं दाबा.' मी कामून दाबू? तूच बजावलं होतंस, 'असलं काही आलं तर बोट लावायचं नाय, फसवतेत.' नाय लावलं बोट. रोज पट्टी आली, रोज नाय लावलं. तुझं ऐकलं, तेच चुकलं का माझं?

…हो, हो… नवा ग्रुप तूच केलास ना? मग?… सगळे आपोआप येतेत असं वाटलं? वाटलं! अरे, साडूचा मेव्हणा हाय म्हणतोस त्या ग्रुपवर, आन् आत्या नाय. कुणालाच दिसलं नाय?… गडबड होती. शेतात कांदा काढायची गडबड, पाहुण्यांची गडबड. पण काल तर समोर पाळणा होता ना? तवा तरी दिसलं असंल, आत्या नाय ते. एक फोन करायचा! गारखेड्यातून हर्सूल असं किती लांब हाय रे? रिक्षात बसले असते की, अंगावरच्या साडीवर.

…रुसले वाटलं? मी?… लेकरू काचेच्या पेटीत होतं तवा तुझ्या बाळंतीण तनुजाला डबा कोण आणत होतं? तवा नाय रुसले, आन् बारशाला रुसले?

मग कानात कुणी सांगितलं नाव?… सोनियानं. चुलत आत्यानं… बरं… काय ठेवलं?… सार्थक… नाय, चांगलं हाय. चांगलं हाय नाव.

मी पण एक नाव टाकलं होतं ना. तुलाच. सांगाव्यावर… मग आता उघड की, संध्याकाळपर्यंत हाय म्हणतोस… खाली जा… अजून खाली. कुंचीच्या कापडाचा फोटो, तो मीच टाकलाय. 'बारसं कवा रे?' मीच. 'तनुजाला डिंकाचे लाडू पाठवू का?' ते बी मीच… मला वाटलं, लेकरात गुंतलेत सगळे, म्हणून कुणी बोलत नाय… तिकडं आता कुणीच नसतं? मी होते ना रे! तुम्ही सगळे उठून गेलात, आन् मी एकटीच बोलत बसले येड्यावानी.

…सापडलं?… हां. अभय. पेटीत होता ना, तवाच ठरवलं होतं.

नको, अक्का-अक्का करू नको आता. परक्यानं विसरलं असतं तर दोन दिवसांत विसरले असते मी. तू विसरलास गोकुळ. पाठचा भाऊ हायेस.

…काय? नको. त्याच्या कानाला लावू नको फोन. गोकुळ, ऐक माझं, नको…

हॅलो?… अगं बाई… श्वास ऐकू यायलाय… मी आत्या हाय रे… आत्या… कुर्र… कुर्र… अ…

नाय. घे, घे तो फोन… नाय होत माझ्याच्यानं. त्याचं नाव सार्थक हाय, काल ठेवलंय तुम्ही… अरे, फोनवर ठेवतेत का नाव? पाठीत बुक्क्या घालायला कोण हाय माझ्या इथं? ही कुंची आन् मी…

ठेव… ठेव म्हणलं ना.