खांब कोणाचा

(खिवा शहराच्या कोटाच्या आतली जुनी जुम्मा मशीद. वाळवीने पोखरलेल्या खांबाच्या जागी उभा करायचा नवा खांब फरशीवर आडवा. जवळ लाकूड कोरणारे उस्ता, म्हणजे मान्यता मिळालेले कारागीर, मतकरीम, त्यांची मुलगी ओगुलजान आणि तपासणीला आलेले तुराबेक.)

तुराबेक: देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण उस्ता, जुन्यासारखा हुबेहूब का नाही?

मतकरीम: साहेब, इथे शेकडो खांब आहेत. एकासारखा दुसरा दाखवा, मी आजच पटाशी खाली ठेवतो.

तुराबेक: बरं बाबा, हरलो. लिहितो मग. कोरणारे, उस्ता मतकरीम.

ओगुलजान: तसं लिहू नका.

मतकरीम: गप्प बस, पोरी.

ओगुलजान: लाकूड तळ्यात भिजवलं मी, वाळवलं मी, कोरलं मी. बाबांचे हात पाच वर्षं थरथरतायत. चहाचा पेला धरवत नाही त्यांना.

मतकरीम: झालं समाधान, माझी अब्रू चव्हाट्यावर मांडून?

तुराबेक: मग अडचण आहे. इथे उस्ताने कोरलेलाच खांब उभा राहतो. नाहीतर हा परत न्यावा लागेल.

ओगुलजान: नेते परत. दुसऱ्याच्या नावावर उभा राहायला नको.

मतकरीम: ऐकलंत? अगदी आईवर गेलीय.

तुराबेक: पण उस्ता, हिला पट्टा का नाही बांधलात अजून? शिष्य तयार झाला की गुरूने चार लोकांत कमरेला पट्टा बांधायचा, की तो उस्ता झाला. एवढं माझ्यासारख्या कारकुनालाही ठाऊक आहे.

मतकरीम: मुलीला कोणी बांधला नाही आजवर. माझ्या बापाने नाही, आज्याने नाही.

ओगुलजान: त्यांच्याकडे मी नव्हते.

मतकरीम: तोंड बघा हिचं. नव्हतीस, खरंय. ये इकडे. हा माझ्याच कमरेचा घे.

ओगुलजान: बाबा, खरंच?

मतकरीम: मुलगी म्हणून अडलं नव्हतं ग. पट्टा तुला दिला की मी संपलो, या भीतीने अडलं होतं. सरळ उभी राहा. छे, गाठच बसेना. साहेब, एक टोक धरता?

तुराबेक: मी? मी सरकारी माणूस.

मतकरीम: म्हणूनच. साक्षीदार पक्का हवा. ओढा. अजून ओढा, ती मोडायची नाही.

तुराबेक: बसली. चला, कागद पुरा करू. उस्ता, खांब कोणी कोरला म्हणून लिहू?

मतकरीम: मला काय विचारता? उस्ता समोर उभी आहे, तिला विचारा.