तोड्याचा दिवस

(दवाखान्यातला बायांचा वॉर्ड. दुपारची भेटायची वेळ. रंभा खाटेवर पडून, तिचा नवरा मधुकरराव शेजारी स्टुलावर, हातात पेन.)

रंभा : हाऊसबोटीत नाई बसाचं. थे पैशेवाल्याइचं काम. आपुन सरकारी लाँचमंदी बसाचं, जेसी सिस्टर म्हन्ते. अलेप्पीचीच हाय ना थे. आपल्या लालपरीवानीच म्हने. गाव आलं का थांबते, शाळेतले पोट्टे उतरतात, बाया थैल्या घेऊन उतरतात.

मधुकरराव : पान्यात कुठचं गाव आलं, अवं?

रंभा : काठाकाठानं घरं. दारातून पायऱ्या सरळ पान्यात. भांडे तिथंच घासाचे. पाव्हना आला त होडीतून उतरते थो एकदम वसरीत.

मधुकरराव : बरं, लिहिलं. एक, सरकारी लाँच. आनखी सांग. डॉक्टर साहेब म्हनले, आठ-पंधरा दिवसात सुट्टी देतो. दिवाळी झाली का निंघू. वर्ध्यावरून केरळची गाडी हाय, दीड दिवस लागते.

रंभा : असे म्हनले डॉक्टर?

मधुकरराव : व्हय. अस्सेच म्हनले.

रंभा : लिहा मंग. दुसरं, थे वावरं पाहाचे. पान्याच्या खाली हायेत म्हने धानाचे वावरं.

मधुकरराव : पान्याखाली धान? सिस्टर फेकून राह्यली तुह्यापुढं.

रंभा : नाई वो. चहूबाजूनं मातीचा मोठा धुरा बांधला राह्यते. धुऱ्याच्या तिकडं पानी वर, इकडं वावर खाली. आपुन मोटर लावतो पानी वावरात आनासाठी, थे लावतात बाहेर फेकासाठी.

मधुकरराव : काय बाप्पा! आन लाईन गेली त?

रंभा : हेच इचारलं मी. हासली थे. म्हने, इतक्या वर्सात हे इचारनारी पेशंट तुमीच.

मधुकरराव : थे त पाहाचंच हाय मले.

रंभा : माहीत हाय. तुमच्यासाठीच इचारून ठेवलं. मले पाहाचे हायेत थे बदकं. हजार हजार बदकं पान्यावर, आन मांगून लहान्या होडीत एक मानूस काठी घेऊन. आपल्याकडं ढोरकी ढोरं नेते, तसा.

मधुकरराव : बदकं. लिहिलं.

रंभा : अवो, आज वार कोनता?

मधुकरराव : बुधवार.

रंभा : सोमवारी भेंडी तोडली ना?

मधुकरराव : तोडली.

रंभा : मंग आज तोड्याचा दिवस. तुमी इथं कसे?

मधुकरराव : श्रावनले सांगून आलो. सख्खा भाऊ हाय, तोडन थो.

रंभा : श्रावनले तुमी आजवर एका भेंडीले हात लावू नाई देल्ला. झाड पिचकते म्हने त्याच्या हातानं. पंचवीस वर्सं झाले, दिवसाआड तोडा. एक दिवस चुकला का भेंडी निबर, मंग पुलगावच्या बाजारात कोनी इचारत नाई. मामंजी वारले थ्या दिवशी बी तुमी तोडा केला, मंग मयतीत आले. माह्या ऑपरेशनच्या दिवशी तोडा करून आले, मी शुद्धीत आल्यावर. मी काई म्हनलं नाई. आन आज सकाळच्या गाडीनं येऊन बसले, इस्तरीचा शर्ट घालून. केरळचं लिहून राह्यले. कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटाचं राह्यते का?

मधुकरराव : तू बदकाइचं सांग, अवं.

रंभा : काल फोन करून बलावलं ना डॉक्टरनं? किती दिवस म्हनले?

मधुकरराव : असं नको इचारू, रंभा.

रंभा : दिवस माह्ये हायेत. मलेच नको माहीत?

मधुकरराव : महिना. झाला त दीड. सुट्टी देतात, थे खोटं नाई. घरी न्या म्हनले. आता इथं ठेवून काई…

रंभा : बरं.

मधुकरराव : बरं काय म्हन्तं! दर साली तू म्हनाची, चाला कुठंतरी, समुद्र पाहू. दर साली मी म्हनाचो, भेंडी निंघू दे. भेंडी निंघाची त वांगे याचे. वांगे निंघाचे त सांबार-कोथिंबीर याची. मीच नाई नेलं तुले. आग लागो त्या तोड्याले! चाल, उद्याच निंघू. आत्ता तिकिटं काढतो मी.

रंभा : सकाळी बसून पाह्यलं मी. सिस्टरनं मांगून धरलं तरी पाच मिनिटं बसवलं नाई. दीड दिवस कशी बसू गाडीत?

मधुकरराव : निजवून नेतो.

रंभा : नाई. मले घरी न्या. आंगनात खाट टाका, बस. आन केरळले तुमी जाजा, माह्या मांगून.

मधुकरराव : मी एकटा? मी कायले जाऊ? कोनाले दाखवू थे बदकं?

रंभा : कोनाले दाखवाचे नाई. आपले पाहाचे. जलमभर एकाच वावरात वाकून राह्यले तुमी, मलेच कीव येते. सिस्टरनं तिच्या भावाचा नंबर देल्ला, थो ठेसनवर येईन. मराठी नाई समजत त्याले, हिंदी बोलजा. घ्या लिहून.

मधुकरराव : थांब, आकडा चुकला माहा.

रंभा : हळू लिहा. घाई कोनाले हाय.

मधुकरराव : लिहिला.

रंभा : आन आयका. लाँचमंदी दोघा-दोघाइचे बाकडे राह्यतात म्हने. तुमी पान्याकडून बसजा. बाजूची जागा माह्या नावानं धरून ठेवू नका. कोनी बाई थकूनभागून आली, त बसू द्याजा तिले.

मधुकरराव : बसू देईन.