प्रश्नपत्रिकेची पेटी

...अन् वरून मलेच मनते, "नियम म्हणजे नियम!" तुमीच सांगा मंडळी, हा काय न्याव झाला? मी देवराव. चवदा वर्सं झाली, मूर्तिजापूरच्या धक्क्यावर शकुंतलेतून, म्हंजे यवतमाळच्या आपल्या लहान गाडीतून, कापसाच्या गाठी उतरवतो अन् मोठ्या गाडीत चढवतो. रोजंदारीवर! अकोल्याच्या एका जिनिंगले माल रवाना कराले कारकून पाह्यजे होता. कायमचा, पगारी! आमची घरवाली पार्बताबाई मने, "जा आता, किती दिवस पाठ मोडान?" गेलो. परीक्षेले नऊ जन आंदीच बसेल, समदे मॅट्रिक. मुंबईचा साहेब गळ्यात टाय बांधून नाकातून बोले, "एकोणीसशे एकसष्ट साल आहे! आता शास्त्रीय पद्धत! माल वेळेवर पोचला पाहिजे!"

अन् त्याचीच प्रश्नपत्रिकेची पेटी पोचली नाई!

आता पेटी अकोल्यावर उतरली नाई, तं जाईन कुठी? मूर्तिजापूरले! अन् तिथी बेवारशी पेटी दिसली का हमाल तिले शकुंतलेत टाकते, हे मले ठाव, साहेबाले काय ठाव? थो मने, "मुंबईला पत्र लिहू." पत्र? अरे, परीक्षा तीन वाजता हाये ना बापा! निंगालो, धरली गाडी... पोचतो तं शकुंतला शिट्टी मारून राह्यली, गार्ड इनायतुल्ला झेंडी दाखवून राह्यला! मी आरडलो, "इनायतभाई, रोको!" थो मने, "अरे देवराव, रेल है, बैलगाडी नहीं!" पन थांबवली बरं! पेटी खांद्यावर, सरकीचा ट्रक, अन् पावने तीनले साहेबाच्या टेबलावर! कुलूप शाबूत! आता सांगा, माल वेळेवर पोचला का नाई?

साहेब खुश! "शाब्बास!" मी बसाले गेलो, तं मने, "अहो, तुम्ही कुठे? पेटी तुमच्या ताब्यात होती. प्रश्न पाहिले असतील. नियम म्हणजे नियम!"

कुलपातून पाह्यले का मी? मंग खिडकीतून आयकला पयला प्रश्न: "भलत्या गाडीत गेलेला माल त्याच दिवशी कसा परत आणाल?" अन् एका मॅट्रिकानं काय लिवलं? "तार करावी व उत्तराची वाट पाहावी." साहेबानं मोठ्यानं वाचून मान डोलावली!

संध्याकाळी साहेब मने, "देवराव, उत्तरपत्रिका मुंबईला पाठवायच्या आहेत. भरवशाचा माणूस हवा." मनात आलं, द्यावी पेटी मूर्तिजापूरले नेऊन शकुंतलेत ढकलून, जाऊ दे बोंबलत यवतमाळले... पन हातच वळला नाई. मुंबईच्या मेलगाडीत चढवली, गार्डाची सही घेतली.

घरी पार्बताबाई पुसे, "लागली का नवकरी?"

मनलं, "नाई. पन माल वेळेवर गेला."