औषधाचा वाटा

तुमचे रोगी औषध पीत नाहीत म्हणता? माझ्या रेवसच्या दवाखान्यात एकीचं औषध अख्खं घर प्यायलं होतं!

हिराबाय कोळीण सुनेला घेऊन आली. बाळंतपणानंतर पोरगी पांढरीफटक पडलेली, चार पावलं चालली की धाप लागायची. मी लोहाचं औषध दिलं, बाटलीवर खाचांची कागदी पट्टी चिकटवली आणि सांगितलं, जेवणानंतर एक खाच, बस्स. आठवडाभराची बाटली. हिराबाय तिसऱ्याच दिवशी ती रिकामी घेऊन हजर!

"डाक्तर, आणखी द्या. सगल्यांना वाटून दिलं, संपलं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हाताऱ्याला, पोरांना. थोरल्या नातवालाबी चमचाभर. ताकदीचं हाय ना? आमच्यात वाटा पडतो."

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, सुनेला ते औषध आहे, पण लहान पोराच्या पोटात जास्त गेलं तर पोर हातचं जाईल!"

नातू अंगणात खेळतोय हे कळलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मी विचारलं, "मासळीचा वाटा कोणाला देता?"

"दर्यावर गेला त्याला. घरी बसला त्याला कशाला?"

"मग या दुखण्याच्या दर्यावर कोण गेलंय?"

"सून," हिराबाय म्हणाली, आणि नवी बाटली पदराखाली घेऊन निघाली.

महिन्याभरानं त्यांच्या घरी डोकावलो. सुनेच्या ओठांवर रंग आला होता. बाटली पार वरच्या फळीवर होती. म्हातारा घोटभर मागत होता आणि हिराबाय त्याच्यावर खेकसत होती, "आधी तिच्यासारका पांढरा पड, मंग वाटा माग!"