कापूस की तूर

वडिलांशी फोनवर काय बोलावं ते सुचत नाही म्हणता, तर माझं ऐका. मी हैदराबादला उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करते आणि अण्णा सोयगावात एकटेच राहतात. आई गेल्यापासून आमचा फोन "जेवलीस का? बरं, ठेवतो" एवढ्यातच संपायचा.

गेल्या पावसाळ्यात फर्दापूरकडच्या एका रानात कापूस आहे की तूर, ते चित्रावरून कळेना. मी अण्णांना म्हटलं, "जरा बघून येता का?"

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "कापूसच हाय. मालक लई बोलका निघाला, चहा पाजल्याबिगर सोडंना." मग वाटेतला ओढा, तिथले मोर, आईच्या माहेरची कुणी बाई भेटली ती, सगळं त्यांनी सांगितलं. त्यानंतर दर आठवड्याला मी त्यांना एक रान सांगायची आणि अण्णा तासभर बोलायचे.

दिवाळीच्या आधी त्यांनी विचारलं, "आता कोणतं बघायचं?"

"काम संपलं, अण्णा. नकाशा झाला."

ते म्हणाले, "बरं, ठेवतो."

मला काही करमेना. शेवटी मीच फोन लावला. "अण्णा, एक रान बघायचं राहिलंय."

"हापिसाचं हाय का?"

"नाही. मलाच ऐकायचंय."

"मग ह्या खेपेला जरा लांबचं सांग," अण्णा म्हणाले.