आणखी दोन वर्षं

डोरीन: उघडा. अजून थोडं. तर आज संध्याकाळी सहाला मतदान आहे. तीन मतं इकडे, तीन तिकडे. उरलं कुणाचं?

वेंडेल: आं.

डोरीन: तुमचंच. कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष माझ्या खुर्चीत तोंड उघडून पडलेत, असा योग परत कधी यायचा? आपल्या कॉलेजने चार वर्षांची पदवी द्यायला हवी, बरोबर?

वेंडेल: आं-आं.

डोरीन: हो धरते. थुंका.

वेंडेल: हो म्हटलं नाही मी. तीनदा आजारपणाचं निमित्त सांगून इथे यायचं टाळलं, तेच शहाणपणाचं होतं. तुझं काम दात साफ करायचं, डोरीन. डोकं नाही.

डोरीन: दातांतून जे निघतंय ते बघता डोक्यात शिरायची मला अजिबात हौस नाही. आता ऐका. उजवीकडच्या खालच्या हिरड्या खोलवर साफ करायच्यात. सुई टोचावी लागेल. अर्धा ओठ, अर्धी जीभ आठपर्यंत बधिर राहील. सभेत बोलायचं असेल तर पुढच्या आठवड्यात या.

वेंडेल: पुढच्या आठवड्यात कालव्याला पाणी सुटतंय. सगळ्या जिल्ह्याचे पंप एकदम बिघडतात आणि सगळे माझ्या दुकानात येतात. टोच तू. एक बाजू झोपली तर दुसरी बोलेल. सात पानांचं भाषण लिहिलंय.

डोरीन: विरोधात.

वेंडेल: विरोधात.

डोरीन: का ते जीभ जागेवर आहे तोवर सांगा.

वेंडेल: हे बघ. आपलं कॉलेज दोन वर्षांचं. डिझेल इंजिन, वेल्डिंग, नर्सिंग, तुमचे ते दात. ज्याला कुठेच घेत नाहीत त्याला आपण घेतो. उद्या चार वर्षांची पदवी सुरू केली की प्राध्यापक कोट घालून येणार, कोटवाल्यांना मोठ्या खोल्या लागणार, आणि पहिली उठणार ती वेल्डिंगची शेड. कुणाला विद्यापीठ हवंच असेल तर ते आहे की.

डोरीन: दोनशे मैलांवर. मध्ये खिंड. नोव्हेंबरपासून बर्फ. मी सोमवार ते शुक्रवार इथे उभी. जाऊ कधी, झोपेत? टोचतेय. हालू नका.

वेंडेल: अगं, अगं, अगं.

डोरीन: झालं. ओठ जड वाटतोय?

वेंडेल: थोला.

डोरीन: छान. आता मी बोलते. गेल्या वर्षी कॉलेजात आमच्या विभागात शिकवायची जागा निघाली. मी अर्ज केला. तेवीस वर्षं हे काम करतेय, अर्ध्या गावाच्या हिरड्या मी न बघता ओळखेन. उत्तर आलं, चार वर्षांची पदवी नाही, क्षमस्व. घेतलं कुणाला?

वेंडेल: शहलातल्या त्या पोलीला.

डोरीन: टॅरिनला. गुणाची होती. उद्या वर्गात हत्यार कसं धरून दाखवायचं, ते आज मला येऊन विचारायची. फेब्रुवारीत तिची गाडी तीनदा बर्फात रुतली, मार्चमध्ये तिने सामान बांधलं. जागा तशीच रिकामी आहे. उन्हाळ्यापर्यंत कुणी मिळालं नाही तर विभाग बंद. तुम्ही ज्याला वाचवायला निघालात ना वेंडेल, तोच. दोन वर्षांचाच.

वेंडेल: हे मला कुणी शांगितलं नाही.

डोरीन: सभेसाठी तुम्हाला पाठवलेल्या अहवालात लिहिलंय. अगदी शेवटी.

वेंडेल: शेवटपर्यंत कोण वाचतं?

डोरीन: तेच म्हणते मी. उघडा.

वेंडेल: थांब जला. दुकानात गल्ल्याच्या मागे माझं प्रमाणपत्र टांगलंय. डिझेल, अठ्ठ्याहत्तर साल. तेवढ्यावर मी धंदा उभा केला. उद्या तिथेच चाल वर्षांची पदवी मिळायला लागली की ते काय ठलणार? अर्धवट?

डोरीन: माझंही दोनचंच आहे. त्यावर दोन मुली वाढवल्या, नवरा गेल्यावर घर सांभाळलं. मला ते अर्धवट वाटत नाही. पण अर्जावर चार वर्षांच्या पदवीची एक चौकट असते, आणि चौकटीला हे सांगता येत नाही. आता खरंच गप्प बसा, खोल जायचंय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, फोनवर.)

वेंडेल: दातांचा दवाखाना? डोरीनला बोलवा.

डोरीन: मीच आहे. हिरडी दुखतेय का?

वेंडेल: हिरडी बरी आहे, अब्रू दुखतेय. तू मुद्दाम जास्त टोचलंस.

डोरीन: किती टोचलं ते लिहिलेलं असतं. या आणि बघा. झालं काय?

वेंडेल: उभा राहिलो, 'माननीय मित्रहो' म्हणायला गेलो. ओठ मिटेचना. लाळ थेट पहिल्या पानावर. अँब्युलन्सवाला ऑर्विल तिथेच बसला होता, त्याला वाटलं मला पक्षाघात झाला. धावत आला, म्हणाला दोन्ही हात वर करा, उचलतात का बघू. मी केले. चिटणीसबाईंनी माझ्या नावावर दोन मतं लिहिली.

डोरीन: मी हसत नाहीये.

वेंडेल: ऐकू येतंय मला. मग भाषण खिशात घातलं आणि बसलो. नऊ वर्षं अध्यक्ष आहे, काल पहिल्यांदा दुसऱ्यांचं ऐकलं. अकरा जण बोलले. एक नर्स होती, विद्यापीठात जाते, गुरुवारी तिथेच गाडीत झोपते आणि शुक्रवारी परत कामावर. तिचा नवरा वीस वर्षं माझ्याकडून पंप नेतोय. अवाक्षर बोलला नाही कधी.

डोरीन: तुम्ही बोलू दिलंत तर बोलेल ना. पुढे?

वेंडेल: मी कागदावर अटी लिहून दिल्या. वेल्डिंगच्या शेडला हात लावायचा नाही. दोन वर्षांचा एकही वर्ग कमी करायचा नाही. सुरुवातीला पदवी एकच, दातांची. नर्सबाई चिडल्या. त्यांचं खरंही आहे. पुढच्या सभेत पहिला विषय त्यांचा ठेवलाय.

डोरीन: वेंडेल. मत काय दिलंत?

वेंडेल: हो दिलं. चार विरुद्ध तीन. राज्याची मंजुरी यायची आहे, पण ती आली की येत्या सप्टेंबरात वर्ग सुरू. आणि ती रिकामी जागा आहे ना, तिथे पदवीचं शिकत असलेला माणूस तात्पुरता चालतो म्हणे. नाव नोंदवलेलं असलं की झालं. मी सकाळीच विचारून घेतलं. डोरीन? आहेस का?

डोरीन: आहे. तुमच्याशी भांडताना फार सोपं वाटत होतं हो.

वेंडेल: आता काय झालं?

डोरीन: पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र आहे. मी एकोणपन्नासची आहे. गणित सुटलं ते शाळेत, आणि तेव्हाही शेजारणीच्या वहीतून.

वेंडेल: कॉलेजच्या तळमजल्यावर गणिताची शिकवणी असते. मंगळवारी, फुकट.

डोरीन: तुम्हाला काय माहीत?

वेंडेल: मी दोनदा नापास झालो होतो. गावात बोलू नकोस. खिडकीजवळची जागा धर, हीटर त्याच बाजूला आहे.